हुडिनीचा मृत्यू : अफवा आणि पुरावा

३१ ऑक्टोबर १९२६ रोजी दुपारी अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या ग्रेस रुग्णालयात जादूगार हॅरी हुडिनी मरण पावला. त्याचे वय ५२ वर्षे होते. हातकड्या, साखळदंड, तुरुंगाच्या कोठड्या आणि पाण्याने भरलेल्या बंद पेट्या यांतून सुटून दाखवण्यात ज्याची हयात गेली, तो पोटातील बोटाएवढ्या अवयवाच्या दुखण्याने गेला, हे त्या काळी पुष्कळांना पटले नाही. त्यातून कथा निघाल्या व त्या अद्याप सांगितल्या जातात. या कथांची छाननी कशी करावी, हे विद्यार्थ्यांपुढे मांडावे या हेतूने आम्ही हे चरित्र येथे देत आहोत.

हुडिनीचे मूळ नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४, हंगेरीतील बुडापेस्ट येथे, एका ज्यू कुटुंबात. वडील धर्मगुरू होते. १८७८ साली हे कुटुंब अमेरिकेस आले. विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन या गावी वडिलांना धर्मगुरूचे पद मिळाले. पण काही वर्षांतच ते गेले आणि घरात दारिद्र्य शिरले. पुढे न्यूयॉर्कमध्ये हा मुलगा नेकटायच्या कारखान्यात कापड कापण्याचे काम करू लागला. रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचे आत्मचरित्र त्याच्या वाचनात आले व त्या नावावरून त्याने स्वतःचे नाव हुडिनी असे घेतले. आपला जन्म ॲपलटनचा, असे तो पुढे जन्मभर सांगत राहिला. प्रसिद्ध माणसाने स्वतःविषयी सांगितलेली गोष्टही कागदपत्रांशी ताडून पाहावी लागते, याचे हे उदाहरणच होय.

१८९४ साली त्याने बेस हिच्याशी विवाह केला. पाच वर्षे दोघांनी लहानसहान सर्कशींतून हालाखीचे दिवस काढले. १८९९ मध्ये मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकाने त्याला मोठ्या रंगमंचावर आणले आणि १९०० साली तो युरोपात गेला. १९०४ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये खास त्याच्यासाठी घडवलेल्या हातकडीतून तो एक तासाहून अधिक झगडून सुटला. १९१२ पासून पाय वर, डोके खाली अशा अवस्थेत पाण्याच्या काचपेटीत कोंडून घेऊन सुटण्याचा प्रयोग तो करू लागला. या सर्वांमागे कुलपांचे सखोल ज्ञान, श्वासावरील ताबा आणि अखंड सराव होता. आपल्या अंगी दैवी शक्ती असल्याचा दावा त्याने केला नाही. कोणी तसे म्हटले तर त्याला राग येई.

१९१३ साली त्याची आई वारली. तो त्या वेळी युरोपात होता. हा घाव त्याच्या मनातून कधी गेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर घरोघरी मृतांचा शोक होता आणि मृतात्म्यांशी बोलणे करून देतो म्हणणाऱ्यांचा धंदा तेजीत होता. हुडिनी अशा बैठकांना गेला, तो आईचा शब्द कानी पडेल या आशेने. १९२२ साली अटलांटिक सिटी येथे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांच्या पत्नीने त्याच्या आईचा म्हणून एक दीर्घ संदेश लिहून दिला. तो इंग्रजीत होता व त्याच्या शिरोभागी क्रूस काढलेला होता. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी. तिला इंग्रजी लिहिता येत नसे. शोकाकुल मुलानेही हा पुरावा डोळे झाकून स्वीकारला नाही, यात आम्हांस त्याच्या कोणत्याही प्रयोगाहून मोठे धैर्य दिसते.

त्यानंतर त्याने या धंद्याविरुद्ध आघाडीच उघडली. सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाने खऱ्या आत्मिक चमत्कारासाठी बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या परीक्षक समितीवर तो होता आणि बोस्टनच्या मार्जरी नावाने गाजलेल्या बाईच्या बैठकांना त्याने १९२४ मध्ये कडवा विरोध केला. १९२६ साली वॉशिंग्टनमध्ये पैसे घेऊन भविष्य सांगण्यास बंदी घालण्याच्या विधेयकावर त्याने साक्ष दिली. त्याच वर्षी ५ ऑगस्टला न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या तलावात, हवाबंद पेटीत, तो सुमारे दीड तास पाण्याखाली राहिला. गूढ समाधी लावून असे राहता येते, असे सांगणाऱ्याला उत्तर म्हणून हा प्रयोग होता. अल्प हालचाल आणि संथ श्वास एवढेच त्याचे रहस्य असल्याचे त्याने सांगून टाकले.

आता त्या ऑक्टोबर महिन्याकडे वळू. ११ तारखेस ऑल्बनी येथे काचपेटीच्या प्रयोगात त्याच्या घोट्याचे हाड मोडले. त्याने दौरा थांबवला नाही. २२ तारखेस माँट्रियल येथील नाट्यगृहाच्या खोलीत तो कोचावर आडवा पडला होता व एक विद्यार्थी त्याचे रेखाचित्र काढत होता. तेवढ्यात दुसरा एक तरुण आला. पोटावर बसलेले ठोसे आपण सहन करतो काय, असे त्याने विचारले आणि हुडिनी उठून स्नायू ताठ करण्यापूर्वीच त्याला अनेक ठोसे मारले. हुडिनीने हाताने थांबण्याची खूण केली. पुढच्या रात्री डेट्रॉइटच्या रेल्वेप्रवासात वेदना असह्य झाल्या. २४ तारखेस डॉक्टरांनी रुग्णालयात जाण्यास सांगितले असताही तो १०४ अंशांपर्यंत चढलेल्या तापात रंगमंचावर उभा राहिला. २५ तारखेस शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटून पोटभर विष पसरलेले आढळले. दुसऱ्या शस्त्रक्रियेनेही उपयोग झाला नाही.

मग प्रश्न असा की, त्याला कशाने मारले? लोकांत रुजलेले उत्तर म्हणजे ठोसा. त्याला आधार आहे तो खोलीत हजर असलेल्या तरुणांनी दिलेल्या शपथपत्रांचा. ठोसे मारले गेले, याविषयी त्यामुळे शंका राहत नाही. परंतु ही शपथपत्रे विम्याच्या दाव्यासाठी घेतलेली होती. अपघाती मृत्यू ठरला तर विमा कंपनी दुप्पट रक्कम देणार होती, व ती तिने दिली. कंपनीने पैसे दिले म्हणून वैद्यकीय कारण सिद्ध झाले, असे होत नाही. बाहेरच्या आघाताने आंत्रपुच्छाला दाह होणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट मानली जाते. दुखणे आधीच सुरू झालेले असावे आणि पोटदुखी ठोशांचीच समजून त्याने ती अंगावर काढली असावी, हे स्पष्टीकरण आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

दुसरे उत्तर विषप्रयोगाचे. प्रेतविद्येच्या व्यापाऱ्यांना तो नकोसा झाला होता, ही गोष्ट खरी. त्याचा अंत जवळ आल्याची भाकितेही त्यांच्यापैकी काहींनी केली होती. परंतु हेतू म्हणजे कृत्य नव्हे. आणि एखाद्याच्या मरणाचे भाकीत वारंवार करणारा केव्हातरी खरा ठरणारच. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे या तर्काला वाव राहिला. २००७ साली थडगे उकरून तपासणी करण्याची मागणी पुढे आली; ती कृतीत उतरली नाही. पुराव्याची जागा रिकामी असली की अफवा तेथे बिऱ्हाड करते. पण रिकामी जागा हा स्वतः पुरावा नसतो.

शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष दिसलेले दुखणे आणि तीन दिवसांचा विलंब, या दोन गोष्टींना मात्र आधार आहे. पेनिसिलीनचा शोध १९२८ चा. त्यामुळे आंत्रपुच्छ एकदा फुटले की वाचण्याची आशा थोडी असे. फुटण्यापूर्वी ते काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मात्र तेव्हा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची होती. म्हणजे वेळ होती, उपाय होता. रोगी तेथवर गेला नाही. वेदना सोसणे हीच ज्याची कीर्ती, त्याला वेदनेचा इशारा ऐकू आला नाही.

पतीच्या इच्छेनुसार बेसने दहा वर्षे त्याच्या संदेशाची वाट पाहिली. १९३६ च्या ३१ ऑक्टोबरला हॉलिवूडमधील एका हॉटेलच्या गच्चीवर अखेरची बैठक झाली. काहीच घडले नाही. तिने त्याच्या छायाचित्राजवळचा दिवा मालवला आणि तसे जाहीर केले. आपल्या शोकाशी एवढे प्रामाणिक राहणे सोपे नसते.

आमच्या वसतिगृहात मुले-मुली आईवडिलांपासून दूर राहतात. घरी कळले तर काळजी करतील, अभ्यास बुडेल, सोबती भित्रा म्हणतील, अशा विचारांनी त्यांतील कित्येक जण दुखणे लपवतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे की, हुडिनीची चिकित्सक बुद्धी घ्यावी, सराव घ्यावा. दुखणे अंगावर काढण्याची सवय मात्र घेऊ नये. पोटात दुखू लागले तर त्याच रात्री गृहपालांना उठवावे. झोपमोड झाल्याबद्दल ते रागावणार नाहीत.