पॉटर पामर

पॉटर पामर (२० मे १८२६ – ४ मे १९०२) हे अमेरिकेतील शिकागो शहराचे व्यापारी, जमीनमालक व इमारत विकासक होते. कापडाच्या किरकोळ व्यापारात यश मिळवल्यानंतर त्यांनी तो व्यवसाय सोडला आणि व्यापारी जागा विकत घेणे, त्यांवर इमारती उभारणे व त्या भाडेपट्ट्याने देणे हा उद्योग स्वीकारला. शिकागोची मुख्य बाजारपेठ लेक स्ट्रीटवरून स्टेट स्ट्रीटवर नेण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. पामर हाउस हे हॉटेल त्यांच्या नावाने ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन व व्यापार

पामर यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी परगण्यात झाला. तरुणपणी त्यांनी एका दुकानात कारकुनी केली व नंतर त्याच राज्यात स्वतःचे दुकान काढले. १८५२ मध्ये ते शिकागोला आले आणि लेक स्ट्रीटवर त्यांनी कापडाचे दुकान सुरू केले. त्यांनी स्त्री ग्राहकांकडे विशेष लक्ष दिले. माल घरी नेऊन पाहण्याची व नापसंत पडल्यास परत करण्याची मुभा ते देत असत. त्या काळात ही पद्धत नवी होती. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात सुती कापडाचे भाव वाढले व त्यांच्याकडील साठ्यावर त्यांना मोठा नफा झाला.

प्रकृतीच्या कारणास्तव १८६५ मध्ये त्यांनी दुकानाचा कारभार मार्शल फील्ड व लीव्हाय लायटर यांच्याकडे सोपवला. काही काळ ते भागीदार राहिले, परंतु १८६७ मध्ये त्यांनी भागीदारीतूनही अंग काढून घेतले.

स्टेट स्ट्रीटचा विकास

लेक स्ट्रीट हा शिकागो नदीला समांतर असा पूर्व-पश्चिम रस्ता होता. नदीकाठच्या धक्क्यांमुळे तेथे वर्दळ व अस्वच्छता असे आणि बाजाराच्या वाढीस फारसा वाव नव्हता. दक्षिणोत्तर जाणारा स्टेट स्ट्रीट त्या वेळी अरुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंना साध्या लाकडी इमारती होत्या. मात्र १८५९ पासून त्यावर घोड्यांची ट्राम धावत होती आणि शहराची वस्ती दक्षिणेकडे पसरत होती.

पामर यांनी या रस्त्यावरील सुमारे पाऊण मैल लांबीच्या दर्शनी जागा खरेदी केल्या. रस्ता रुंद व्हावा यासाठी त्यांनी नगरपरिषदेकडे आग्रह धरला व आपल्या नव्या इमारती मागे सरकवून बांधल्या. काही जमीनमालकांनी तसे करण्यास नकार दिल्यामुळे रस्त्याची कड काही वर्षे वेडीवाकडी राहिली.

१८६८ मध्ये स्टेट व वॉशिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी संगमरवरी दर्शनी भागाची भव्य इमारत उभारली आणि ती आपल्या पूर्वीच्या भागीदारांना, म्हणजे फील्ड व लायटर यांना, वार्षिक ५०,००० डॉलर भाड्याने दिली. ही रक्कम त्या काळी फार मोठी मानली गेली. या व्यवहारात दोन्ही पक्षांचे हित होते. भाडेकरूला जमीन व बांधकामात भांडवल अडकवावे लागले नाही. दुसरीकडे, शहरातील अग्रगण्य दुकान आल्यामुळे इतर व्यापारीही त्या रस्त्याकडे वळले आणि पामर यांच्या उर्वरित जागांचे मोल वाढले.

१८७१ ची आग

१८७० मध्ये पामर यांनी बर्था ऑनोरे यांच्याशी विवाह केला. बर्था यांचे वडील हेन्री ऑनोरे हेही जमिनीच्या व्यवहारात होते. पामर हाउस २६ सप्टेंबर १८७१ रोजी सुरू झाले आणि अवघ्या तेरा दिवसांनी शिकागोच्या महाआगीत भस्मसात झाले. ८ ते १० ऑक्टोबर या काळातील या आगीत सुमारे ३०० लोक मृत्युमुखी पडले व सुमारे एक लाख लोक बेघर झाले. स्टेट स्ट्रीटवरील पामर यांच्या इमारती नष्ट झाल्या व त्यांबरोबर त्यांचे भाड्याचे उत्पन्नही थांबले. अनेक विमा कंपन्या बुडाल्यामुळे भरपाईची आशाही थोडीच होती.

त्यांच्याकडे जमीन मात्र शिल्लक होती. पुनर्बांधणीसाठी त्यांनी कनेक्टिकट म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीकडून १७ लाख डॉलरचे कर्ज घेतले. रोकड उभी करण्यासाठी त्यांना स्टेट व वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावरील जागा शिलाई यंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीला विकावी लागली. सिंगरने तेथे नवी इमारत बांधली व १८७३ मध्ये ती पुन्हा फील्ड व लायटर यांनाच भाड्याने दिली. पुढे ही मालमत्ता फील्ड यांनी विकत घेतली. अशा रीतीने ज्या कोपऱ्यापासून नव्या बाजारपेठेची सुरुवात झाली, तो पामर यांच्या हातून कायमचा गेला; बाजारपेठ मात्र तेथेच राहिली.

जॉन व्हॅन ऑस्डेल या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार बांधलेले दुसरे पामर हाउस १८७३ मध्ये सुरू झाले. अग्निरोधक बांधकाम म्हणून त्याची जाहिरात केली जात असे.

उत्तरायुष्य

१८८० च्या दशकात पामर यांनी शहराच्या उत्तरेस मिशिगन सरोवराकाठची दलदलीची जमीन घेऊन भराव घातला व तेथे स्वतःसाठी मोठा वाडा बांधला. धनिक कुटुंबे त्यांच्यामागोमाग तेथे राहण्यास गेली. हा भाग आज गोल्ड कोस्ट म्हणून ओळखला जातो. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात बर्था पामर या महिला व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षा होत्या.

मृत्यू व वारसा

४ मे १९०२ रोजी शिकागो येथे पामर यांचे निधन झाले. ग्रेसलँड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या मालमत्तेचा कारभार बर्था यांनी १९१८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळला व तिच्यात मोठी भर घातली. सरोवराकाठचा वाडा १९५० मध्ये पाडण्यात आला. पामर हाउसची सध्याची इमारत १९२० च्या दशकातील असून ती त्या नावाची तिसरी वास्तू आहे.