तुलनेचा धडा देणारे शास्त्रीबुवा

परीक्षा जवळ आल्या की मराठीच्या शिक्षकांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. एका विषयावरच्या दोन कविता, किंवा एक कथा आणि एक कविता, समोर ठेवून विद्यार्थ्याला त्यांतील साम्य आणि भेद स्वतःच्या शब्दांत लिहायला कसे शिकवावे? बाजारातील मार्गदर्शिकांत उत्तरे तयार मिळतात. मुले ती पाठ करतात आणि गुणही मिळवतात. मात्र दोन साहित्यकृती शेजारी ठेवून विचार करण्याची जी सवय लागायला हवी, ती लागत नाही. ही सवय मराठी वाचकाला लावण्यासाठी ज्यांनी सर्वप्रथम नेटाने लेखणी चालवली, त्यांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ‘निबंधमाला’कार आणि ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या अल्प आयुष्याचा मोठा भाग शाळेत शिकवण्यात आणि शिक्षकांसाठी लिहिण्यात गेला, याची आठवण फारशी ठेवली जात नाही.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे नामांकित विद्वान होते. जुन्या पद्धतीने संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केल्यावर त्यांनी इंग्रजी विद्याही आत्मसात केली, कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले आणि शिक्षक तयार करणाऱ्या पुण्यातील ट्रेनिंग कॉलेजची धुरा वाहिली. घरात एका बाजूला संस्कृत काव्यांच्या पोथ्या आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी ग्रंथ, अशा वातावरणात मुलगा वाढला. दोन भाषांतील वाङ्मय एकाच वेळी वाचणाऱ्याच्या मनात तुलना आपोआप सुरू होते. विष्णुशास्त्र्यांच्या बाबतीत तेच झाले असावे. सॅम्युअल जॉन्सनची ‘रासेलस’ ही कथा मराठीत आणण्याचे काम वडिलांनी आरंभले आणि मुलाने ते पूर्ण केले. भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक वाक्यागणिक दोन भाषा ताडून पाहाव्या लागतात. ही तालीम त्यांना विशीच्या उंबरठ्यावरच मिळाली.

१८७२ साली ते डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि पुण्यातील सरकारी हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. तत्पूर्वीच, १८६८ पासून, ‘शालापत्रक’ या मासिकाचे काम त्यांच्याकडे आले होते. शिक्षणखात्याशी संबंधित असलेले हे मासिक मुख्यतः शाळाशिक्षकांच्या वाचनात असे. खेड्यापाड्यांतील ज्या शिक्षकाला ग्रंथालय ठाऊक नव्हते, त्याच्या हाती दरमहा पडणारे हे थोडे कागद म्हणजे बाहेरच्या विद्येची खिडकीच होती. याच मासिकात विष्णुशास्त्र्यांनी पाच संस्कृत लेखकांवरील निबंध लिहिले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी असे ते पाच जण. पुढे हे निबंध ‘संस्कृत कविपंचक’ या नावाने ग्रंथरूपात आले.

ही निवड लक्ष देऊन पाहिली पाहिजे. पाचांपैकी पहिले दोघे काव्य आणि नाटक लिहिणारे, तर उरलेले तिघे गद्यात कथा सांगणारे. म्हणजे काव्य आणि कथा ही दोन्ही दालने शिक्षकांपुढे एकाच मालिकेत उघडली गेली. संस्कृत शिकवण्याची तोपर्यंतची रूढ रीत अशी होती, की श्लोकाचा अन्वय लावावा, समास सोडवावेत, अलंकार ओळखावा आणि पुढच्या श्लोकाकडे वळावे. या रीतीत प्रत्येक श्लोक सुटा राहतो. संपूर्ण कृती एका दृष्टिक्षेपात घ्यावी, कवीचा काळ पाहावा, कथानकाचा सारांश द्यावा, गुणांबरोबर दोषही दाखवावेत आणि मग एका कवीला दुसऱ्याच्या जवळ आणून पाहावे, ही पद्धत इंग्रजी निबंधकारांकडून आली होती. ॲडिसन, जॉन्सन आणि मेकॉले यांचा विष्णुशास्त्र्यांवर मोठा प्रभाव होता. ती पद्धत त्यांनी मराठी शिक्षकाच्या भाषेत उतरवली.

अशा वाचनाने काय साधते, हे त्या पंचकातील पहिल्या दोन कवींच्या आधारे कोणालाही पडताळून पाहता येईल. कालिदासाचे ‘शाकुंतल’ आणि भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ या दोन नाटकांचा विषय मुळात एकच आहे. दोन्हींत एक राजा निरपराध पत्नीला दूर करतो आणि दोन्हींच्या अखेरीस तिची व त्याची पुन्हा भेट होते. दोन्हींत ही भेट घडण्यापूर्वी राजाची गाठ न ओळखलेल्या पुत्राशी पडते. दुष्यंताला सिंहाच्या छाव्याशी खेळणारा सर्वदमन दिसतो, तर रामापुढे लव आणि कुश येतात. एवढे साम्य सांगून विद्यार्थी थांबला, तर निबंध अर्धाच होईल. त्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे, की पत्नीला दूर करण्याचे कारण कोणते? दुष्यंत शकुंतलेला नाकारतो तेव्हा दुर्वासाच्या शापाने त्याची स्मृती नष्ट झालेली असते. राम मात्र सीतेचे निर्दोषत्व पूर्णपणे जाणून, केवळ लोकापवादासाठी तिचा त्याग करतो. महाभारतातील मूळ शकुंतलाख्यानात शाप नाही. तिथे राजाला सारे आठवत असते आणि तरीही तो तिला ओळख देत नाही. कालिदासाने शापाची योजना करून राजाला दोषातून सोडवले. भवभूतीने रामाला अशी पळवाट दिली नाही. त्याने रामाच्या माथी दोष आणि दुःख दोन्ही ठेवले, आणि शेवट मात्र बदलला. रामायणात सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीच्या नाटकात वाल्मीकी नाटकातच एक नाटक घडवून आणतात आणि पतिपत्नींची भेट होते. एकाने मूळ कथेचे कारण बदलले, दुसऱ्याने परिणाम बदलला. दोन्ही कृती शेजारी ठेवल्याविना ही गोष्ट ध्यानात येणे कठीण, आणि ती एकदा आली की विद्यार्थी दोन्ही कवींकडे अधिक जाणतेपणाने पाहू लागतो.

गद्यातील तिघांचेही तसेच आहे. बाणाची ‘कादंबरी’ आणि सुबंधूची ‘वासवदत्ता’ या दोन्ही प्रेमकथाच. परंतु सुबंधूचा जीव श्लेषात गुंतलेला, तर बाण जन्मजन्मांतरी टिकणाऱ्या प्रेमाचा विस्तृत पट मांडतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त चोर, जुगारी आणि गणिका यांची रोखठोक दुनिया भेटते. तिघांच्या कथांवरून तीन प्रकारच्या कथनशैली मुलांना दाखवता येतात. बाणाच्या नायिकेच्या नावानेच आपण मराठीत एका संपूर्ण साहित्यप्रकाराला ओळखतो, हेही त्यांना या निमित्ताने सांगण्यासारखे आहे.

‘शालापत्रका’तील टीकात्मक लेखन सरकारला रुचले नाही आणि १८७५ साली ते मासिक बंद झाले. पण त्याआधीच, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६० च्या दशकातच तेथील उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली. पदवीधर तरुण शेक्सपिअर आणि मिल्टन वाचत होता, कालिदासही वाचत होता. मात्र मोरोपंत किंवा तुकाराम यांच्याविषयी विचारपूर्वक चार पाने लिहिण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नव्हता. जी भाषा परीक्षेत नाही, तिच्यातील वाङ्मयाची पारख शिकवणार कोण? ही उणीव ‘निबंधमाले’ने आपल्या परीने भरून काढली. पहिला निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. त्यानंतर वाचन, भाषांतर, इतिहास, लेखनशुद्धी, वक्तृत्व अशा विषयांवर मोठमोठे निबंध आले. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. हे सारे शाळेतील नोकरी सांभाळून चालले होते.

वाङ्मयविचाराच्या दृष्टीने मालेतील दोन निबंध विशेष महत्त्वाचे ठरतात. ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ या निबंधात पांडित्य आणि काव्यशक्ती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांनी प्रतिपादले. त्यामागे मेकॉलेच्या विचारांची छाया स्पष्ट दिसते. ‘मोरोपंतांची कविता’ या प्रदीर्घ निबंधात त्यांनी पंतांवरील आक्षेपांचा परामर्श घेऊन त्यांची बाजू मांडली. मोरोपंत तर पंडित कवी म्हणूनच प्रसिद्ध. आधी पांडित्याला काव्यापासून वेगळे करणारा लेखक पुढे पंडित कवीच्या समर्थनास उभा राहतो, हा पेच शोधक वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. कविता हाती घेतल्यावर सिद्धान्ताला मुरड घालावी लागते, हा धडा त्यातून घेता येईल.

१८७८ साली वडील निवर्तले. दरम्यान रत्नागिरीच्या सरकारी शाळेतही विष्णुशास्त्र्यांनी नोकरी केली. अखेर १८७९ मध्ये त्यांनी सरकारी चाकरीचा राजीनामा दिला आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी हे त्यांचे आरंभीचे सहकारी. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर नंतर येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ यांच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. एवढा पसारा मांडून झाला, आणि १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांचे निधन झाले. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा अखेरचा मोठा निबंध इंग्रज सरकारने १९१० साली जप्त केला. ती बंदी उठायला १९३७ साल उजाडावे लागले.

या चरित्राची एक बाजू मात्र झाकून ठेवता येणार नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’त घेतला तो उपहासाच्या सुरात. फुल्यांची भाषा अशुद्ध, व्याकरण सदोष, यावर त्यांनी झोड उठवली. लोकहितवादींवरही त्यांनी असाच कठोर प्रहार केला. कालिदास आणि भवभूती यांच्यासाठी ज्याने संपूर्ण कृती पाहण्याचा आग्रह धरला, त्यानेच फुल्यांच्या बाबतीत शब्दांच्या रूपांवर बोट ठेवले आणि त्या शब्दांमागचा विषय बाजूला सारला. तुलना करणाऱ्याने दोन्ही पारडी रिकामी असताना तराजू हाती घ्यायचा असतो. येथे एक पारडे आधीच जड झाले होते. आपली जात, आपली भाषा आणि आपली परंपरा यांचे वजन त्यात पडले होते. त्यांच्या चाहत्यांनीही हे मान्य करावयास हवे.

म्हणूनच आज एखाद्या शिक्षकाला तौलनिक निबंधासाठी विषय हवा असेल, तर तो याच इतिहासात सापडतो. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली आणि ‘निबंधमाला’ त्यानंतर लगेच, १८७४ च्या आरंभी. दोन्ही लेखक पुण्याचे, आणि आपल्या लोकांचे पारतंत्र्य हा दोघांच्याही चिंतेचा विषय. ‘गुलामगिरी’ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडते, तर ‘आमच्या देशाची स्थिती’ हा घाटदार, लांब वाक्यांचा निबंध आहे. एकाला जातीची बेडी दिसते, दुसऱ्याला परकीय सत्तेची. प्रत्येकाला कोणती बेडी दिसली आणि कोणती दिसली नाही, कोण कोणाशी बोलत होता, एकाने बोली का वापरली आणि दुसऱ्याने पंडिती भाषा का निवडली, असे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतील. त्यांची उत्तरे कोणत्याही मार्गदर्शिकेत तयार मिळणार नाहीत. दोन्ही पुस्तके उघडूनच ती लिहावी लागतील.

हा निबंध खुद्द विष्णुशास्त्र्यांना लिहिता आला नाही. काळ आणि संस्कार यांनी त्यांची वाट अडवली होती. परंतु तो लिहिण्यासाठी लागणारी रीत, म्हणजे संपूर्ण कृती वाचणे, गुणदोष दोन्ही सांगणे आणि एक कृती दुसरीच्या प्रकाशात पाहणे, मराठी शाळाशिक्षकाच्या हाती देणाऱ्यांत ते होते. त्या रीतीने खुद्द त्यांनाही तपासून पाहणे, हेच या शिक्षकाचे ऋण फेडण्याचा योग्य मार्ग ठरेल.