विश्लेषण: दुष्काळात घर गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी दीड हजार जणींना आसरा कसा दिला?

वयाची चोविशी गाठण्याआधीच आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे पाच मृत्यू पंडिता रमाबाईंनी पाहिले. त्यातले पहिले तीन मृत्यू दुष्काळाच्या काळातले. या आघातांत त्यांची जुनी श्रद्धा मोडली, नवी घडली आणि आयुष्याचे कामही त्यातूनच सापडले. ते कसे?

दुष्काळात नेमके काय झाले?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरून पुराण सांगे आणि मिळेल त्यावर गुजराण करी.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणा देणारे हातच रिकामे झाले. जवळचे होते नव्हते ते देवकार्यात आणि दानात संपले. घरात शास्त्रे सगळ्यांना येत होती, पण पोट भरेल असे काम कुणालाच येत नव्हते. मजुरी करणे किंवा भीक मागणे कमीपणाचे वाटत होते. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. आधी वडील, मग आई आणि नंतर थोरली बहीण गेली. उरलेली भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, पायी देशभर फिरत राहिली.

‘पंडिता’ ही पदवी कुठे मिळाली?

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्यांचेही निधन झाले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

त्या मुलीला घेऊन पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली.

धर्मांतराने वाद का पेटला?

वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सुटला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात कडाडून टीका झाली. महात्मा फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. नव्या धर्मातही रमाबाईंनी प्रश्न विचारणे सोडले नाही. पटत नाही ते मान्य करणार नाही, हे त्यांनी इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनाही सांगितले.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वीच्या गोदूबाई, इथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी. मात्र मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, असा आरोप झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन तरीही बंद पडले नाही.

केडगावचे ‘मुक्ती सदन’ कसे उभे राहिले?

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. विशीच्या आत सोसलेली उपासमार आता हजारो मुलींच्या वाट्याला आली होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने दौंडजवळच्या केडगावात घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

इथे वाचन-लेखनासोबत शेती, विणकाम, गाई-गुरे सांभाळणे आणि छपाई शिकवली जाई. केवळ पुस्तकी विद्येने डोंगरे कुटुंब वाचले नव्हते, हे लक्षात घेतले की या अभ्यासक्रमाचा अर्थ कळतो. हाताला काम असेल तर पुढच्या दुष्काळात तरी या मुलींवर तशी वेळ येणार नव्हती.

अखेरपर्यंत काय टिकले?

साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे भाषांतर अनेक वर्षे चालले. १९२१ मध्ये, कामाचा भार उचलणारी मनोरमाही गेली. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा धर्म बदलला, सोबतची माणसे बदलली, जिवलग एकेक करून गेले. निराधार बाईला छप्पर, अक्षर आणि हाताला काम मिळाले पाहिजे, हा आग्रह मात्र बदलला नाही. केडगावची संस्था आजही सुरू आहे.