डॉ. विल्यम कॅरी आणि दोन कमिट्या

ग्वाल्हेरसारख्या शहरातली एखादी लहानशी बाप्तिस्त मंडळी डोळ्यांपुढे आणा. मोजकी घरे, त्यांतली काही मराठी बोलणारी, काही हिंदी. वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचून दाखवतात आणि प्रश्न निघतो की, मिशनकार्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा यंदा कोणत्या कन्व्हेन्शनकडे पाठवायचा? कोणी म्हणतो, आपल्या वडिलांनी ज्यांना दिला त्यांनाच द्यावा. कोणी म्हणतो, तेथे हिशेब नीट मिळत नाही. तिसरा गप्प बसतो, कारण त्याचे मित्र दोन्हीकडे आहेत. बाप्तिस्त लोकांत हा प्रश्न वरून कोणी सोडवून देत नाही. तेथे बिशप नाही, सिनडचा हुकूम नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी आपल्या कारभारात स्वतंत्र असते आणि कोणत्याही मोठ्या संस्थेशी तिचे नाते खुशीचे असते. म्हणून निर्णयही तिचा आणि त्याची जबाबदारीही तिची.

1827 साली हाच प्रश्न इंग्लंड-स्कॉटलंडातल्या बाप्तिस्त मंडळ्यांपुढे उभा राहिला होता. एका बाजूला त्यांची मिशनरी सोसायटी होती आणि दुसऱ्या बाजूला ती सोसायटी ज्यांच्या तळमळीतून जन्मली ते डॉ. विल्यम कॅरी होते. शब्बाथ शाळेत आपण मुलांना कॅरींची गोष्ट सांगतो ती बहुधा जोडे शिवणाऱ्या मुलापासून सुरू होते आणि बायबलच्या भाषांतरांपाशी संपते. मधली ही दुःखाची वर्षे आपण गाळतो. या लेखात ती गाळायची नाहीत.

कॅरींचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी नॉर्थॅम्प्टनशायरातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील आधी विणकर होते, मग गावच्या शाळेचे मास्तर झाले. मुलगा जोडे शिवण्याच्या कामाला लागला. घराणे इंग्लंडच्या सरकारी चर्चचे; पण दुकानातल्या सोबत्यामुळे विल्यम चर्चबाहेरच्या ख्रिस्ती लोकांकडे ओढला गेला. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मोल्टन आणि नंतर लेस्टर येथे ते पाळक होते. 1792 साली त्यांनी परराष्ट्रांत सुवार्ता नेण्याच्या कर्तव्याविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या पाळकांच्या सभेत यशयाच्या 54 व्या अध्यायावर उपदेश केला. 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग येथे एका विधवा बाईंच्या घरी थोडे पाळक जमले आणि सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी लोकांनी कबूल केलेली वर्गणी होती 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. ही रक्कम लक्षात ठेवावी. ती गावोगावच्या गरीब मंडळ्यांच्या जिवावर उभी राहिलेली सोसायटी होती, आणि अँड्र्यू फुलर हे तिचे चिटणीस ती एखाद्या कुटुंबासारखी चालवीत असत.

11 नोव्हेंबर 1793 रोजी कॅरी कलकत्त्यास उतरले. पुढची सहा वर्षे हालाची गेली. निळीच्या कारखान्यावर नोकरी करून पोट भरावे लागले. पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला आणि पत्नी डोरोथीबाईंच्या मनावर त्याचा असा आघात झाला की, 1807 साली मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत. ही कहाणी सांगताना आपण त्या बाईंविषयी फार थोडे बोलतो. त्यांनी काय सोसले याची नोंद कोणत्याही हिशेबात नाही.

1800 च्या जानेवारीत कॅरी सेरामपूरला आले. (हे नगरकडचे श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेले गाव.) तेथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे दोघे त्यांना मिळाले. तिघांनी एकत्र राहायचे, एकाच पंगतीस जेवायचे, आणि मिळकत सगळी एका पेटीत टाकायची असे ठरले. मार्शमन व त्यांच्या पत्नी हॅना यांनी शाळा चालवल्या, वॉर्ड यांनी छापखाना सांभाळला. कॅरींना 1801 साली फोर्ट विल्यम कॉलेजात महिना 500 रुपयांची नोकरी मिळाली. 1807 साली ते प्राध्यापक झाले आणि पगार 1000 रुपये झाला. घरखर्चापुरते थोडे ठेवून बाकी सारे त्या पेटीत जाई. तेव्हा सेरामपूरच्या जमिनी, इमारती, छापखाना यांचा बराच भाग इंग्लंडच्या वर्गणीतून नव्हे, तर या तिघांच्या घामाच्या पैशातून उभा राहिला. पुढच्या भांडणाचे मूळ नेमके येथे आहे.

त्या नोकरीशी आपला मराठी लोकांचाही संबंध आहे. कंपनी सरकारला पुणे, नागपूर, बडोदे, इंदूर आणि शिंद्यांचा दरबार यांच्याशी कागदपत्र चालवायचे होते आणि त्यासाठी मराठी जाणणारे अधिकारी हवे होते. कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. वैजनाथ शर्मा हे पंडित त्यांच्या मदतीस होते. 1805 साली कॅरींचे मराठी व्याकरण निघाले आणि त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. 1810 साली मराठी-इंग्रजी कोश निघाला तो मोडीत, कारण सरदारांच्या कचेऱ्यांतले रोजचे लिखाण मोडीत चाले. याच सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपली छावणी कायम केली आणि लष्कर शहर वसले. 1811 साली संपूर्ण नवा करार मराठीत आला. त्याची भाषा आज आपल्याला अवघडल्यासारखी वाटते आणि नंतरच्या भाषांतरकारांनी ती बरीच सुधारली. पण पहिली वाट त्यांनी पाडली.

पंथाच्या बाबतीत कॅरी कसे होते हेही पाहिले पाहिजे. बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत त्यांनी कधी सोडले नाही. तरी इतर पंथांच्या सेवकांशी त्यांचे वागणे भावासारखे होते. 1806 साली त्यांनी फुलर यांना सुचवले की, सर्व पंथांच्या मिशनऱ्यांची एक परिषद 1810 साली केप ऑफ गुड होप येथे भरवावी. फुलर यांना ते पटले नाही आणि गोष्ट तेथेच राहिली. 1812 साली अमेरिकेहून आलेल्या मिशनऱ्यांपैकी अडोनिराम जडसन व त्यांच्या पत्नी यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत प्रवासात बदलले आणि कलकत्त्यात वॉर्ड यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. पाठोपाठ ल्यूथर राइस यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या बोर्डाने त्यांना पाठवले ते बाप्तिस्तांचे नव्हते. मग त्याचा पैसा घ्यावा कसा? राइस अमेरिकेला परतले, गावोगाव हिंडले, आणि 1814 साली फिलाडेल्फियास तिथल्या बाप्तिस्त मंडळ्यांचे पहिले देशव्यापी कन्व्हेन्शन भरले. तेही पुढे 1845 साली गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावे की नाही यावरून दुभंगले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या बोर्डातच राहिले आणि फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस पोचले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. म्हणजे पंथ बदलल्यावर पैशाचे काय, हा प्रश्न आपल्या मिशनच्या जन्मवेळीच सोडवावा लागला होता, आणि दोन्ही बाजूंनी तो प्रामाणिकपणे सोडवला.

सेरामपूरचा प्रश्न इतका सरळ सुटला नाही. 1815 साली फुलर वारले. त्यांच्या हयातीत कोणी करारपत्रे मागत नसे. एक पत्र गेले की काम भागे. नंतर कमिटी वाढली, तिचा कारभार लंडनला गेला, आणि तिच्यात कॅरींना कधी न पाहिलेली माणसे आली. कमिटीचे म्हणणे असे की, सेरामपूरची मालमत्ता सोसायटीच्या नावाने आहे, तर तिच्यावर इंग्लंडातले विश्वस्तही नेमले पाहिजेत. हे म्हणणे अगदीच चूक होते असे मला वाटत नाही. गरिबांची वर्गणी घेणाऱ्या कोणत्याही कमिटीने मालमत्तेची काळजी वाहिलीच पाहिजे, आणि तीन माणसे मेल्यावर काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. पण तो ज्या रीतीने विचारला गेला ती रीत या तिघांना लागली. आपण कमावलेले सारे देवाच्या कामाला दिले, स्वतःच्या मुलांसाठी काही ठेवले नाही, आणि आता आपल्यावर दुरून पहारा बसणार असे त्यांना वाटले. त्यांनी नकार दिला.

त्यात तरुण मिशनऱ्यांची भर पडली. त्यांना मार्शमन यांचा स्वभाव हुकूम गाजवणारा वाटे. ते वेगळे होऊन कलकत्त्यात राहू लागले आणि त्यांनी आपले स्वतंत्र काम सुरू केले. त्यांत कॅरींचा सख्खा पुतण्या युस्टेस कॅरी होता. एका शहरात एकाच सोसायटीची दोन कामे, आणि हुगळीच्या पलीकडे काका. नव्या विश्वासणाऱ्या बंगाली लोकांना याचे काय वाटले असेल?

1818 साली तिघांनी सेरामपूर कॉलेज काढले. तेथे कोणत्याही पंथाच्या, इतकेच नव्हे तर कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला जागा होती. वर्गणी सुवार्तेसाठी असताना तेथे भाषा आणि शास्त्रे का शिकवावीत, असा आक्षेप विलायतेत निघाला. 1823 च्या मार्चमध्ये वॉर्ड पटकीने वारले. तिघांत समेट घडवून आणण्याचा हात त्यांचाच होता. त्याच वर्षी कॅरी नावेतून उतरताना पडले, कंबरेच्या हाडाला इजा झाली आणि बरेच महिने कुबड्या घेऊन चालावे लागले.

1826 साली मार्शमन विलायतेस गेले. दूरदूरच्या ठाण्यांवरील सेवकांसाठी सोसायटीने आपल्या उत्पन्नाचा काही भाग दर वर्षी द्यावा, मात्र त्यांचा कारभार सेरामपूरकडे राहावा, अशी त्यांची मागणी होती. पुष्कळ बैठका झाल्या, जमले नाही. मार्च 1827 मध्ये सोसायटी आणि सेरामपूर रीतसर वेगळी झाली. योगायोग असा की, त्याच फेब्रुवारीत डेन्मार्कच्या राजाने सेरामपूर कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली होती. राजाने मान दिला आणि घरच्यांनी दार लावले.

मग प्रत्येक मंडळीपुढे थैली उघडून ठेवली गेली. पैसा लंडनकडे पाठवायचा की सेरामपूरकडे? एडिंबरोचे ख्रिस्तोफर अँडरसन आणि लिव्हरपूलचे सॅम्युएल होप सेरामपूरसाठी वर्गणी गोळा करू लागले. जॉन फॉस्टर यांनी सेरामपूरच्या बाजूने लेखणी उचलली. उलट, रॉबर्ट हॉल हे थोर उपदेशक कमिटीच्या बाजूने गेले. आणि लेस्टरमधल्या ज्या मंडळीचे कॅरी पूर्वी पाळक होते तिचेच हॉल कित्येक वर्षे पाळक होते. दोन्हीकडून पुस्तिका निघाल्या. खाजगी पत्रे छापली गेली. सेरामपूरचे लोक ऐषआरामात राहतात, श्रीमंत झाले आहेत, असेही लिहिले गेले. जे लोक शेजारी शेजारी गुडघे टेकीत ते हिशेबाच्या आकड्यांवरून एकमेकांना उत्तरे देऊ लागले. त्यांतल्या बहुतेकांनी ना सेरामपूर पाहिले होते, ना कमिटीची खोली.

कॅरींनी काय केले? त्यांच्यावर कोणी उघड बोट ठेवीत नसे. सारा रोख मार्शमन यांच्यावर होता. कॅरींनी थोडे अंग काढून घेतले असते तर त्यांना दोन्हीकडे मान मिळाला असता. त्यांनी ते केले नाही. मार्शमन यांचे दोष ते जाणून होते, तरी सोबत्याला एकटे पाडून आपले नाव राखणे त्यांना कमीपणाचे वाटले. पुतण्याविषयी मात्र त्यांच्या मनात शेवटपर्यंत सल राहिला. आणि काम थांबले नाही. सतीबंदीचा कायदा 1829 च्या डिसेंबरात त्यांच्याकडे बंगाली भाषांतरासाठी आला तो रविवारी. त्यांनी उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि दिवसभर बसून भाषांतर पुरे केले, कारण एका दिवसाच्या उशिराने एखादी विधवा चितेवर गेली असती.

1830 साली कलकत्त्याच्या मोठमोठ्या पेढ्या बुडू लागल्या आणि सेरामपूरचा ठेवीतला पैसा गेला. फोर्ट विल्यम कॉलेजातली त्यांची नोकरीही त्याच सुमारास संपली. ज्यांच्या संपत्तीविषयी विलायतेत वाद चालला होता त्यांच्याकडे ठाण्यांवरील सेवकांना द्यायला पैसा उरला नाही. तेव्हा सेरामपूरच्या मित्रांनी, आणि वादात पडायचे नाही असे ठरवलेल्या काही मंडळ्यांनीही, मदत पाठवली.

9 जून 1834 रोजी सकाळी डॉ. कॅरी प्रभूकडे गेले. त्यांचे मृत्युपत्र वाचण्यासारखे आहे. सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर आपला कसलाही हक्क नाही, पूर्वीही नव्हता, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहून ठेवले. शंख, प्रवाळ, कीटक वगैरेंचा संग्रह कॉलेजला दिला. जाबेझ या मुलाला द्यायला पंधराशे रुपये हवे होते, ते पुस्तके विकून द्यावेत असे सांगितले.

1837 च्या डिसेंबरात लंडनमध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले. मार्शमन यांना ते कळले नाही. समेट होण्याच्या थोडेच दिवस आधी, त्याच महिन्यात, सेरामपूरला त्यांचा अंत झाला होता. आणि बातमी आणणारे जहाज यायला अजून कित्येक महिने होते. कॉलेज पुढे सोसायटीनेच चालवायला घेतले. 1910 पासून तेथे पुन्हा ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचे शिक्षण सुरू झाले, आणि आज पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसह देशभरच्या अनेक पंथांच्या सेमिनरींतून आपले पाळक सेरामपूरची पदवी घेऊन बाहेर पडतात. ती पदवी त्याच 1827 च्या सनदेवर दिली जाते.