रंग पारखणारी नताली

साडी घेताना आपण काय करतो? दुकानदार रंगाची कितीही खात्री देवो, साडी उचलून दाराशी नेतो आणि बाहेरच्या उजेडात बघतो. ट्यूबखाली मोरपंखी वाटलेली साडी घरी येईस्तोवर चक्क निळी झाली, हा फटका एकदा तरी प्रत्येकीनं खाल्लेला असतो. हॉलिवूडमध्ये एका बाईनं पंधराएक वर्षं असलीच पारख केली, तीही पगार घेऊन. तिचं नाव नताली कालमस.

मूळची चित्रकलेची विद्यार्थिनी. १९०२ मध्ये तिनं हर्बर्ट कालमसशी लग्न केलं. हा शास्त्रज्ञ गडी पुढे टेक्निकलर कंपनीचा एक संस्थापक झाला. कंपनी १९१५ ची. सुरुवातीची वर्षं नुसती धडपडीची, आणि नताली त्यात पहिल्यापासून होती. १९२२ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. पण गंमत बघा, तो त्यांनी लपवून ठेवला आणि त्यानंतरही वीसेक वर्षं एकाच घरात राहिले! जग तिला मिसेस कालमसच म्हणत राहिलं.

टेक्निकलरचा कॅमेरा काही विकत मिळत नसे. निर्मात्यानं तो भाड्यानं घ्यायचा आणि त्याबरोबर कंपनीची रंगसल्लागारही घ्यायची, अशी अटच होती. त्यामुळे १९३४ ते १९४९ या काळातल्या जवळजवळ प्रत्येक टेक्निकलर चित्रपटाच्या नामावलीत नतालीचं नाव दिसतं. ‘बेकी शार्प’ (१९३५), ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘गॉन विथ द विंड’ (दोन्ही १९३९) ही त्यातली ठळक नावं. प्रत्येक सेटवर ती स्वतः हजर असणं अर्थातच शक्य नव्हतं. बरंचसं काम तिचे सहायक करत.

काम काय? पटकथा वाचून प्रत्येक प्रसंगाचा रंगांचा तक्ता करायचा. नायिकेचा झगा कोणता, मागची भिंत कोणती, पडदे कोणते. भडक रंग जपून वापरायचे, मागचं सगळं मवाळ ठेवायचं, हा तिचा हट्ट.

आणि खरी परीक्षा दिव्यांखाली. त्या कॅमेऱ्यात भिंग-लोलकातून आलेला उजेड तीन फिल्मवर वाटला जायचा, त्यामुळे दिवे लागायचे ते कैक पटींनी. ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या सेटवर उष्मा १०० अंश फॅरनहाइटच्या वर जायचा. सिंह झालेला बर्ट लार त्यात खऱ्या कातड्याचा पोशाख घालून उभा! पण दिवे नुसते पुष्कळ असून भागत नव्हतं. उजेड किती आहे हे मीटर सांगायचं. कसा आहे, हा प्रश्न वेगळाच. फिल्म दिवसाच्या उजेडाला जुळवलेली. कार्बनच्या कांड्यांचे आर्क दिवे त्याच्या जवळ जायचे, साध्या बल्बचा उजेड मात्र पिवळट, म्हणून त्यापुढे निळी काच लावायची. पांढरंशुभ्र कापड तर त्या झोतात भगभगायचं, म्हणून शर्ट, चादरी मुद्दाम किंचित मळकट रंगवून आणायचे. शॉट झाला की कॅमेऱ्यापुढे ‘लिली’ नावाचा पांढरा-करडा फलक धरायचे. त्यावरून लॅबमध्ये रंग जुळवता यायचा. आपल्या दाराशी नेलेल्या साडीचाच हा प्रकार, नाही का?

दिग्दर्शक, निर्माते तिच्यावर वैतागलेले असत. डेव्हिड सेल्झनिकच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत, व्हिन्सेंट मिनेलीशीही तिचं वाजलं. मालकाची बायको म्हणून मिरवते, असा सूर असे. मला विचाराल तर त्यात थोडं तथ्य असेलही. ती हटवादी होती, नाव मिळवण्यातही तरबेज होती. पण रंग नवा असताना जो तो तो उधळायला निघाला होता, तेव्हा कुणीतरी नको म्हणणारं लागतंच. तो वाईटपणा तिनं घेतला. हेच एखाद्या पुरुषानं केलं असतं तर त्याला शिस्तीचा म्हटलं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

१९४८ मध्ये तिनं हर्बर्टवर दावा लावून त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. कंपनी उभी करण्यात आपलाही हात आहे, हे तिचं म्हणणं. ती हरली. टेक्निकलरमधली जागाही गेली. १९४९ मध्ये हर्बर्टनं दुसरं लग्न केलं. पुढे नतालीनं टीव्हीच्या कॅबिनेटना आपलं नाव दिलं. आपल्याकडचा पहिला टेक्निकलर चित्रपट, सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’, १९५३ मध्ये आला तेव्हा ती त्या कंपनीत नव्हती.

नोव्हेंबर १९६५ मध्ये बोस्टनला ती वारली. दिवा रंग किती खरे दाखवतो याला आकड्यात गुण देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ठरावीक आठ रंगांचे नमुने दिव्याखाली धरायचे आणि ते किती बदलतात ते मोजायचं. पुढे एलईडी आले, तेव्हा सिनेमावाल्यांना तीही अपुरी पडली, कारण माणसाच्या डोळ्याला बरा वाटणारा दिवा कॅमेऱ्याला बरा वाटेलच असं नाही. मग त्यांनी आणखी वेगळी मापं काढली.