रविवार मिळवून देणारे रावबहादूर



आपल्या भागातल्या एखाद्या समाजसेवकाबद्दल लिही, असं स्मरणिका समितीने सांगितलं. मी निवडलं नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव. चाकणच्या पुढे, खेड तालुक्यातलं कन्हेरसर हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव. यमाईदेवीच्या दर्शनाला आपल्यातले बरेच जण तिथे जाऊन आले असतील.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात, गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली. पुढे मुंबईत एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. पहाट ते संध्याकाळ काम, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, पगाराची तारीख नाही. 1881 च्या कारखाने कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले होते. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं ‘दीनबंधु’ पत्र 1880 पासून त्यांनी मुंबईत चालवलं आणि गिरणीतलं वास्तव छापायला सुरुवात केली. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. त्याच वर्षी त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. भारतातल्या कामगार चळवळीची सुरुवात तिथून मानतात.

मागणी मान्य व्हायला सहा वर्षं लागली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10,000 कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली.

त्यांचं काम गिरणीपुरतं नव्हतं. विधवांचं केशवपन करायचं नाही, असा निर्धार नाभिक बांधवांनी केला, त्यामागेही ते होते. 1895 साली सरकारने त्यांना रावबहादूर केलं. पुढे मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून जात असताना ते रुग्णांच्या सेवेत राहिले आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. वय पन्नाशीच्याही आत. 2005 साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

आपल्यातल्या अनेकांचे वडील भोसरी-पिंपरीच्या कंपन्यांत होते. विजेचा भार वाटला जावा म्हणून इथे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. आपली शाळा बंद असायची रविवारी, बाबा घरी असायचे गुरुवारी. तेव्हा त्याची तक्रार केली, पण तो गुरुवारही याच लढ्यातून आलेला.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप उघडा असतो. चाकणच्या पट्ट्यात कंत्राटी मुलाला खाडा परवडत नाही, कारण सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडाला. 1884 चं निवेदन म्हणूनच मला जुनं वाटत नाही.

आपल्यातले काही जण आता कारखाने चालवतात, काही टीम सांभाळतात. लोखंडे यांचा सन्मान करायला पुतळाच हवा असं नाही. आपल्या हाताखालच्या माणसाला त्याची सुट्टी पगारासकट, फोन न करता मिळू द्या. कन्हेरसरच्या या माणसाला ते पुरेल.