लॉर्ड नेल्सन आणि त्याचे चार तारे

नॉरफोक परगण्यातील बर्नहॅम थॉर्प ह्या खेड्याच्या पाळकाच्या घरी २९ सप्टेंबर १७५८ रोजी होरेशिओ नेल्सन ह्याचा जन्म झाला. अकरा भावंडांतील तो सहावा. नऊ वर्षांचा असता त्याची आई निवर्तली. घरची प्राप्ती बेताची; तेव्हा १७७१ साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, तो आपला मामा कॅप्टन सकलिंग ह्याच्या जहाजावर दाखल झाला. देह किरकोळ, प्रकृती नाजूक. शिवाय त्यास बोट लागे, आणि ती पीडा जन्मभर सुटली नाही. ‘सीहॉर्स’ जहाजावरील सफरीत त्याने आपले मुंबई बंदरही पाहिले. परंतु तापाने त्यास असे ग्रासले की, १७७६ साली मायदेशी पाठवावे लागले.

अशा देहात ईश्वराने केवढे मन घातले होते! १७९४ साली काल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७९७ साली सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ पराक्रम गाजवून त्याने ‘बाथ’चे मानचिन्ह मिळविले, त्याच वर्षी तेनेरीफ येथे उजवा हात गमावला. अडतिसाव्या वर्षी तो डाव्या हाताने अक्षरे गिरवू लागला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट रोजी, अबूकीरच्या उपसागरात नांगरलेल्या फ्रेंच आरमारावर त्याने सायंकाळी हल्ला चढविला. तेरा मोठ्या जहाजांपैकी अकरा धरली गेली किंवा नष्ट झाली, आणि बोनापार्टची फौज मिसर देशात अडकून पडली.

येथे आमची लेखणी अडखळते. मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांतून पुढील भाग गाळण्याची रीत आहे. आम्हांस ती पसंत नाही. मानाची हाव नेल्सनास फार होती. नेपल्सच्या दरबारातील स्तुतीने त्याची बुद्धी झाकोळली. १७९९ साली तेथील बंडात सामील झालेला नौसेनापती काराच्चोलो ह्याची चौकशी होऊन त्याच दिवशी त्यास फाशी देण्यात आले. थोडा अवधी द्यावा ही विनंतीही नेल्सनाने मानली नाही. लेडी हॅमिल्टनच्या मोहात त्याने आपली निष्ठावंत पत्नी फ्रान्सिस हिचा त्याग केला. पाळकाच्या ह्या पुत्राचे शौर्य वर्णावे आणि हे झाकावे, हा न्याय नव्हे.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गारजवळ त्याच्या सत्तावीस जहाजांची फ्रान्स व स्पेन ह्यांच्या तेहतीस जहाजांशी गाठ पडली. सकाळी त्याने आपल्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना लिहिली. तीत विजयानंतर शत्रूस दया दाखविली जावी हेही मागितले होते. त्याच्या कोटावर चार मानचिन्हांचे तारे भरतकामाने काढलेले होते. त्या दिवशी तो मुद्दाम नटला होता ही लोककथा खरी नव्हे. तो त्याचा नित्याचाच कोट होता. हे तारे झाकावेत असे काही अधिकाऱ्यांच्या मनात होते. परंतु ते घडले नाही. दुपारी सव्वाच्या सुमारास ‘रदूताब्ल’च्या डोलकाठीवरून सुटलेली गोळी त्याच्या डाव्या खांद्यातून पाठीच्या कण्यात शिरली.

त्यास खाली नेत असता, खलाशांनी ओळखून धीर सोडू नये म्हणून त्याने रुमालाने आपले तोंड व ते तारे स्वतःच झाकून घेतले. जे जगास दाखविण्याची त्यास जन्मभर हौस होती, तेच! आम्हांस त्याच्या साऱ्या विजयांहून हा क्षण मोठा वाटतो.

साडेचारच्या सुमारास, जय झाल्याचे कळल्यावर, त्याने प्राण सोडला. इंग्रजांचे एकही जहाज गेले नव्हते. तो कोट ग्रिनिच येथील संग्रहालयात जतन केला आहे. डाव्या खांद्याशी गोळीचे भोक आहे, आणि छातीवर ते चार तारे.